स्वतःच्या कामासाठी एक गॅलन

सत्यवानाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा उजवा हात पेट्रोलच्या टाकीत होता आणि वेणीचं टोक दातांत. वेणी टाकीत पडू नये म्हणून. त्यामुळे मी काही फार सुरेख दिसत नसणार.

आमच्या ट्रकाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. सीट उचलायची, बूच काढायचं आणि खाचांची काठी आत सोडायची. बांबूच्या त्या काठीवर बाबांनी कोयत्याने खाचा पाडल्या होत्या, एक खाच म्हणजे एक गॅलन. काठी वर काढली की ओली खूण वाळायच्या आत वाचावी लागे.

"मालक आहेत का?" खालून आवाज आला. शुद्ध, कचेरीतला.

"टाकीत नाय हत," मी म्हटलं. "घरात बघा."

"मग आपण... टाकीत काय बघताय?"

आता वळणं भाग होतं. खाली सायकल धरून एक तरुण उभा होता. पांढरा शर्ट, बगलेत वही, चेहऱ्यावर मसुऱ्याच्या चढाचा घाम. मी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे जरा जास्तच बघितलं, आणि तेवढ्यात काठीवरची ओल उडून गेली.

"तुमच्यामुळां माप गेलां."

"माझ्यामुळे?"

"मगे कोणामुळां? पेट्रोल हवेत उडता. तुमी बोलत रवलास, तां उडान गेलां."

त्याने सायकल झाडाला टेकवली, वही उघडली आणि खरोखरच काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलं.

"मोजताना बोलू नये," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि मोजणाऱ्याकडे बघूही नये."

असा तो आमच्या कट्टा गावात आला. सत्यवान मसुरकर, मच्छीमार सोसायटीचा नवा कारकून. साल एकोणीसशे एकोणसाठ, दसरा दहा-बारा दिवसांवर. सोसायटीला मासे बर्फात घालून कणकवलीला पोचवायला हंगामभर एक ट्रक हवा होता. इंधन सोसायटीचं, ट्रक आणि ड्रायव्हर मालकाचा. आणि कोणाचा ट्रक किती इंधन पितो ते मोजायला हा शहाणा आला होता.

दोनच ट्रक शर्यतीत होते. एक आमचा पेट्रोलचा. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून बाबा त्याला 'थोरली' म्हणत आणि मला 'धाकटी'. लढाईत पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा बाबांनी थोरलीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी लावून तिला चालवली होती. भट्टीचा पंखा फिरवून काळं झालेलं माझं तोंड आईला अजून आठवतं. दुसरा ट्रक इद्रीसचाचांचा. नवा, डिझेलचा, डोळ्यांत भरणारा. चाचा आणि बाबा, म्हणजे गावाचे दाजी, एकाच मोटारीवर क्लीनर म्हणून लागलेले, जन्माचे दोस्त. दोस्ती होती म्हणून कोणी उघड बोलत नव्हतं, पण कट्ट्याच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता.

बाबांनी आईला सांगून टाकलं होतं. हंगाम मिळाला नाही तर थोरली भंगारात द्यायची, घराला कुलूप लावायचं आणि मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर व्हायचं. मी दाराआडून ऐकलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझ्या वयाच्या मुली मुंबईच्या नावाने हुरळायच्या, मला मात्र कट्टा सोडून कुठेही जायचं नव्हतं.

म्हणून सत्यवान दुसऱ्या दिवशी पुन्हा आला तेव्हा मी ठरवलं होतं, या माणसाशी गोड बोलायचं नाही.

ते काही जमलं नाही. त्याच्या वहीत त्याने एक मोठा तक्ता केला होता आणि तो इतका गंभीरपणे दाखवत होता की हसू दाबताना मला उचकी लागली. मोटारसायकल गॅलनला साठ मैल. जीप अठरा. लहान मोटार पंचवीस-तीस. कट्ट्याच्या एका गाडीवानानेही अर्ज केला होता, 'माझ्या बैलांक गॅलन लागणत नाय' म्हणून. मासे बैलगाडीतून कणकवलीला पोचेपर्यंत कोणी नाकाजवळ नेणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी या गृहस्थाने पेंड आणि गवत धरून मैलाचा हिशेब काढला होता. सगळ्यांत खाली शिडाचा मचवा. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'वारा. फुकट, परंतु बेभरवशाचा.'

"आणि सायकल?" मी विचारलं. "मसुऱ्यासून कट्ट्यापर्यंत सायकलीर येणाऱ्या माणसाक काय लागतां?"

त्याने खरंच विचार केला. "सकाळी पेज. इथे पोचल्यावर एक तांब्या पाणी."

"इतक्यात भागता?"

"नाही..." तो वहीत बघत म्हणाला. "थोडं ओरडणंही लागतं. त्याशिवाय परत जाताना चढ चढवत नाही."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर आदळला आणि आत गेले. आत जाऊन आरशात बघितलं, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी त्याने थोरलीचं मैलाचं घड्याळ तपासलं. ते लढाईपासून बंद होतं. मग म्हणे, चाकाला फडकं बांधू, एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत चाकाचे फेरे मोजू, म्हणजे गाडी नेमकी किती चालते ते कळेल. बाबा हसले, पण तयार झाले. बाबा थोरलीला मुंगीच्या पावलाने चालवत होते, एका बाजूने मी चालत होते, दुसऱ्या बाजूने तो, आणि दोघंही तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होतो. मध्ये ट्रक. फळीच्या फटीतून कधी त्याचा शर्ट दिसे, कधी वही, कधी... नजर.

दगड आला. "पाचशे बासष्ट," मी म्हटलं.

"पाचशे एकसष्ट."

"तुमचो एक हरवलो."

"कुठे हरवला असेल?"

"तिठ्यार. तुमी थंय वळान बघितलास."

"म्हणजे तुम्हीही बघत होता."

मी पदर खोचला आणि मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "माका एक सांगा. दोनव गाडये एकाच रस्त्यान जातले, एकाच रस्त्यान येतले. मगे मैल मोजून काय करतलास?"

त्याचे कान लाल. एवढा हिशेबी माणूस, पण या प्रश्नाचं उत्तर त्याच्या वहीत नव्हतं.

दगडावर बसून त्याने मला खरा आकडा सांगितला, तोही इकडेतिकडे बघून, हळू आवाजात. बाबांनी इद्रीसचाचांपेक्षा दर फेरीला सहा रुपये भाडं कमी मागितलं होतं. पण पेट्रोल तीन रुपये गॅलन, डिझेल दोन रुपये. वर डिझेलवाला एका गॅलनात पुष्कळ लांब जातो. "कट्टा ते कणकवली जाऊन येऊन चाळीस मैल," तो म्हणाला. "तुमच्या गाडीने साडेतीन गॅलनांच्या आत केलं, तर काम तुमचं."

 भरल्या थोरलीला त्या रस्त्यावर साडेचार लागत. काठीच्या खाचा मी रोज वाचत होते, मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आणि नाय केलां तर?"

"तर..." त्याने दगडावरचं गवत उपटलं. "मुंबईला खरंच जाणार तुम्ही?"

"कोणी सांगल्यान?"

"हॉटेलात."

मी मान हलवली. तो सायकल हातात धरून बराच वेळ चालत गेला, चढ नव्हता तरी.

चाचणीचा दिवस उजाडला तो आभाळ घेऊनच. परतीचा पाऊस मसुऱ्याच्या बाजूला दडी मारून बसला होता. कट्ट्याच्या गोदामासमोर दोन्ही ट्रक उभे केले. दोघांत वाळूची साठ-साठ पोती चढवली, दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. परत आल्यावर टाक्या पुन्हा काठोकाठ भरायच्या. जेवढं लागेल तेवढं इंधन खर्ची पडलं, असा हिशेब. त्यासाठी सीलबंद डबे आणले होते, एकेक गॅलनचे. चेअरमन दत्ताराम तांडेल यांनी मोठ्याने मोजले. पेट्रोलचे पाच, डिझेलचे पाच. डबे गोदामात ठेवले, किल्ली सत्यवानाच्या खिशात गेली.

मग दत्तारामांनी दोन ट्रकांच्या मध्ये नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे नांगर धरायचा असो की होडी लोटायची असो, देवाच्या कानावर घातल्याशिवाय काम सुरू होत नाही.

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या धन्या..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ह्ये दोन गाडये तुझ्या नावान भायर पडतत. तेंका सुखरूप व्हर आणि सुखरूप हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या मापात कोणी लबाडी केल्यान, तर तेचा तोंड तेकाच उघडूक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने. इतक्या की पुढच्या बाप्यांनी वळून बघितलं. तेव्हा माझ्या मनात लबाडी आलेली नव्हती, देवाशपथ.

बाबा निघाले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उतार देवाचो, चढ पेट्रोलाचो. आज देवाकडसून जास्त घेतंय बघ." उतार आला की गिअर काढून गाडी सोडायची आणि त्याच जोरावर पुढचा अर्धा चढ मारायचा, यात बाबांचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

ते चार तास कसे गेले ते मलाच ठाऊक. अकराच्या सुमारास थोरलीचा आवाज आला. मागोमाग चाचांचा ट्रक. बाबा घामाने निथळत खाली उतरले आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटले, समाधानाने.

पण लगेच मोजायचं नव्हतं. तापलेलं पेट्रोल फुगतं, खोटं माप दाखवतं, म्हणून गाड्या तासभर थंड करायच्या, हा सत्यवानाचा नियम. सगळे हॉटेलात चहाला गेले. आणि तेवढ्यात दडून बसलेला पाऊस आला. असा कोसळला की समोरचं गोदाम दिसेना.

मी गोठ्याच्या दारात उभी होते. वर आढ्याला आमचं अडीअडचणीचं पेट्रोल टांगलेलं असे. एक डबा. एक गॅलन.

साडेचारातून एक वजा केलं की साडेतीन. देवाचा उतार धरून थोडं आणखी कमी. हा हिशेब मी केला नाही, तो आपोआपच झाला. मी इरलं डोक्यावर घेतलं, डबा त्याखाली धरला आणि पावसात शिरले. थोरलीचं दार उघडलं. सीट उचलली. ओल्या हातांतून बूच दोनदा निसटलं. टपावर पाऊस ताशासारखा वाजत होता. पेट्रोल टाकीत उतरताना जो आवाज करतं, तो मला जन्मभर आवडत आला होता. त्या दिवशी तो ऐकवला नाही.

रिकामा डबा गोठ्यात टाकून मी रस्त्याने गोदामाकडे परत आले. थोरलीच्या मागून सत्यवान येत होता. डोक्यावर छत्री नाही. छत्री गोदामाच्या पडवीत खुंटीला लटकत होती, मला दिसत होती. केसांतून पाणी गळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता.

"तुम्ही... इथे?" तो म्हणाला.

"तुमी हंय?"

"गाडी थंड झाली का, ते बघायला."

"पावसात?"

"पावसात लवकर थंड होते."

मी पेट्रोलचा वास येणारा हात इरल्याखाली दडवला. त्याने त्याचा हात खिशात घातला. पावसाचं पाणी त्याच्या पापण्यांवर थांबलं होतं आणि तो माझ्याकडे एकटक बघत होता. याने पाहिलं. याने सगळं पाहिलं, आणि आता वहीत लिहिणार.

"काय सांगूचां आसा?" मी विचारलं. 

"मला?... नाही. तुम्हाला?"

"नाय."

आम्ही दोघं पडवीत चार हातांवर उभे राहिलो.  तो पागोळ्यांकडे बघत होता, मी त्याच्या छत्रीकडे.

पाऊस थांबला. माणसं जमली. सत्यवानाने डबे बाहेर आणून ओळीने मांडले. आधी चाचांची टाकी. एक डबा, दोन डबे, तिसरा अर्धा. अडीच गॅलन. बघे पुटपुटले. डिझेलचा खर्च पाच रुपयांत भागला होता.

मग थोरली. सत्यवान डबा ओतत होता आणि दत्ताराम बोटांवर मोजत होते. एक. दोन. तिसरा डबा कलंडला आणि कलंडताच टाकीच्या तोंडाशी पेट्रोल चमकलं. भरली. तिसऱ्यातलं जेमतेम पाव गेलं होतं.

"सव्वादोन," दत्ताराम म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "सव्वादोन? साठ पोती घेवन? अरे, इतक्यां तर मामलेदाराच्या नुसत्या जीपीक लागता."

बाबांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. त्यांचे ओठ हलत होते. इद्रीसचाचा पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. "हात आसा तुझो, दाजी. माझ्या नव्या गाडयेक हरयलंस."

"थोरली माझी," बाबा म्हणाले. "मी म्हटलेलंय मां? थोरली माझी..." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझं डोकं मात्र भणभणत होतं. बाबांनी कितीही उतार सोडले तरी सव्वाचार. त्यातलं माझं एक गेलं की सव्वातीन. सव्वादोन कसं येईल? एक गॅलन कुठून आलं? पहिल्यांदा बाबांवर संशय आला आणि मला स्वतःचीच शरम वाटली. मग माझी नजर पेट्रोलच्या डब्यांच्या ओळीवर गेली. दोन डबे रिकामे, एक पाऊण भरलेला, एक सीलबंद. चार. सकाळी दत्तारामांनी पाच मोजले होते. आणि गोदामाची किल्ली एकाच खिशात होती.

मी मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता.

"ल्हिव रे," दत्ताराम त्याला म्हणाले. "सव्वादोन गॅलन. सही कर, माकाव करूची आसा."

सत्यवानाने वही उघडली. टाक कागदावर टेकला. टाकाच्या टोकाशी शाईचा ठिपका वाढत गेला, पण अक्षर उमटेना. मी गप्प राहिले असते तर त्याने लिहिलं असतं. थोरली वाचली असती, आमचं घर उघडं राहिलं असतं, आणि आम्हा दोघांत एक गोड गुपित राहिलं असतं. पण चाचा तिथेच उभे होते, उतरलेल्या चेहऱ्याने बाबांच्या पाठीवर हात ठेवून. आणि सकाळचा तो 'व्हय म्हाराजा' मीच सगळ्यांत मोठ्याने म्हटला होता.

"ल्हिवू नको," मी म्हटलं.

'तुमी' म्हणायचं राहूनच गेलं. सगळे वळले.

"एक गॅलन मी घातलंय. पावसात. आमच्या गोठ्यातलां."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "धाकटे," ते म्हणाले, "माझ्या हातार तुझो इस्वास नाय होतो?"

 मी रडायला लागले. आणि तेवढ्यात, कचेरीतलं मराठी सोडून दुसरं काही न बोलणारा तो माणूस म्हणाला,

"आनी एक मी घातलंय."

 दत्तारामांनी त्याच्या हातातली वही ओढून घेतली. "सोसायटीचां पेट्रोल चोरलंस?"

"चोरूक नाय. वहीत आसा."

दत्तारामांनी पानं उलटली, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं. "पेट्रोल, एक गॅलन. घेणार, स. मसुरकर. तीन रुपये रोख जमा. कारण..." ते थांबले. "कारण, स्वतःच्या कामासाठी."

लबाडी करतानाही या माणसाला नोंद केल्यावाचून राहवलं नव्हतं. मला रडता रडता हसू यायला लागलं आणि मी पदर तोंडात कोंबला.

"तुझां कसलां काम?" दत्तारामांनी विचारलं. "दाजीच्या टाकीत तुझां काय काम?"

सत्यवानाने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग जमिनीकडे. कपाळावर अजून पावसाचं पाणी होतं, की घाम, देव जाणे.

"ह्यां चेडू कट्ट्यार रवाक व्हयां," तो म्हणाला. "इतक्यांच काम."

चेडू, म्हणजे पोरगी, म्हणजे मी. इद्रीसचाचांना अचानक खोकला आला. बाकी कोणी हसलं नाही. बाबा थोरलीत जाऊन बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दत्तारामांनी सत्यवानाला सांगितलं, किल्ली ठेव आणि घरी जा. त्याने किल्ली ठेवली. छत्री खुंटीवर तशीच विसरून तो सायकलवर बसला. वळणावर त्याने मागे बघितलं. मी हात वर करणार होते, पण बाबा काचेतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी झाली. किल्ली दत्तारामांच्या कमरेला, आणि मला घराबाहेर पडायची बंदी. सव्वाचार गॅलन लागले. चाचांनी सगळ्यांसमोर सांगितलं की भरल्या पेट्रोल गाडीला या रस्त्यावर साडेचाराच्या खाली त्यांना स्वतःला जन्मात आणता आलं नसतं. पण हंगाम डिझेलला गेला, आणि तेच बरोबर होतं.

मग आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. बाबा माझ्याशी तर नाहीच. आई ट्रंका पुसायला लागली. मी ती छत्री रोज बघून यायचे. खुंटीवर लटकून ती वाळली होती. मला माझा राग येत होता, त्याचा येत होता, आणि तो दिसत नाही याचा सगळ्यांत जास्त येत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इद्रीसचाचा आले. पडवीत बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"वाच."

"माका खंय वाचूक येता? धाकटे," बाबा म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

अक्षर मी लगेच ओळखलं. कागदावर लिहिलं होतं की आचरा, तळाशील, देवबाग इथले मासे आधी मालवणात गोळा करून कट्ट्याच्या गोदामात आणावे लागतात. फेऱ्या लहान, दहा-बारा मैलांच्या. लांबच्या रस्त्यावर डिझेलला तोड नाही. परंतु एवढ्याशा फेरीसाठी दुसरी नवी डिझेल गाडी घेणं सोसायटीला परवडणार नाही. जुनी पेट्रोल गाडी जास्त पिते खरी, पण दहा मैलांत पिऊन पिऊन किती पिणार? एक गॅलन, फार तर सव्वा. म्हणून लांबची फेरी डिझेलने आणि जवळच्या फेऱ्या दाजींच्या गाडीने कराव्यात. खाली सही होती, 'स. मसुरकर, माजी कारकून.'

"किल्ली ठेवन गेलो त्याच राती ल्हिल्यान," चाचा म्हणाले. "चेअरमन तेचां तोंड बघणत नाय, म्हणान माझ्याकडे हाडून दिल्यान. मी दत्तारामाक दाखयलंय. तो व्हय म्हणता."

बाबांनी कागद घेऊन उलटसुलट करून बघितला. "ह्यात लबाडी नाय मां?"

"तूच इचार. भायर उभो आसा."

मी दाराकडे धावले, मग मला आपण काय करतोय ते कळलं आणि मी तिथेच थांबले. कुंपणापाशी सायकल धरून तो उभा होता. आठ दिवसांत वाळला होता. बाबा पायरीवर आले.

"हिशेब बरोबर आसा?"

"तीन येळा केलंय, दाजीनू," सत्यवान म्हणाला. "चौथ्या येळेक तुमी करून बघा."

"आनी तो चाकाचो? एक फेरो हरयलेलंस तो?"

सत्यवानाने मान खाली घातली. "तो हरवूक नाय होतो. पाचशे बासष्टच होते. माका तेवाच ठाऊक होतां."

"मगे कमी कित्या सांगलंस?" मीच विचारलं, न राहवून.

"परत मोजूक मेळात म्हणान."

बाबांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मग घरात वळून आईला हाक मारली, "नारळ हाड गो." आई ट्रंक तशीच उघडी टाकून बाहेर आली. बाबांनी नारळ थोरलीच्या पुढच्या चाकाशी ठेवला आणि हात जोडले. एका बाजूला चाचा, एका बाजूला आई. मी आणि तो मागे. त्याच्या बोटांना माझी बोटं लागली. मी काढून घेतली नाहीत.

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या धन्या..."

"व्हय म्हाराजा."

"थोरली उद्यापासून नव्या कामाक लागता. तिका रस्तो दाखव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"धाकटेच्या मनात काय आसा तां तुका ठाऊक आसा, माका ठाऊक आसा आनी सगळ्या कट्ट्याक ठाऊक आसा. तां सुखान पार पाड रे म्हाराजा."

चाचा म्हणाले, आई म्हणाली. आम्ही दोघं गप्प. बाबांनी मागे वळून बघितलं. "काय झालां? त्या दिवशी तर सगळ्यांपेक्षा मोठ्यान वराडलंस."

"व्हय म्हाराजा," आम्ही कसंबसं म्हटलं.

"आनी ह्या दोघांक," बाबा थोरलीच्या टाकीकडे बोट दाखवत म्हणाले, "जल्मभर माझ्या टाकीपासून लांब ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. पुन्हा सगळ्यांत मोठ्याने, आणि या खेपेला मनात काहीही न ठेवता.